राउटरचा पास

"गेलं गं!"

ही आरोळी आमच्या घरात हॉलमधून यायची. सासूबाई टीव्हीसमोर गवारी निवडत बसलेल्या असायच्या. त्यांची मालिका इंटरनेटवरून यायची, आणि ऐन भांडणाच्या प्रसंगी पडद्यावर ते मेलं गोल चक्र फिरायला लागलं की त्या तिथूनच मला हाक मारायच्या, जणू मीच वायर तोडून बसले होते. मी आतल्या खोलीत कपाळावर हात मारून घ्यायची. त्यांची नुसती मालिका जायची, माझी नोकरी जायची वेळ आली होती.

नोकरी म्हणजे डिझाइनची. कारखान्यात मशीनवर एखादा पार्ट पक्का धरून ठेवायला जी चौकट लागते, तिला फिक्स्चर म्हणतात. ते मी आखते. लग्नाआधी लातूरहून शिकून इकडे पुण्याकडे आले आणि भोसरीत एका छोट्या टूलरूममध्ये हेच काम करायची. मग मुलगी झाली, मग सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, आणि "थोडे दिवस घरी" म्हणता म्हणता कितीतरी वर्षं निघून गेली. परत काम मागायला गेले तर सगळे विचारायचे, मधल्या काळात काय केलंत? काय केलं म्हणजे? घर चालवलं, दुसरं काय! पण हे उत्तर कुठल्या रकान्यात बसत नाही.

शेवटी कोल्हापूरच्या एका डिझाइन ऑफिसनं घरून कामाची संधी दिली. पण आधी चाचणी. काम जमलं तर पक्कं, नाही तर राम राम. त्यांचं सॉफ्टवेअर कोल्हापुरातल्या त्यांच्याच कॉम्प्युटरवर चालायचं, आणि मी रहाटणीत बसून त्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्या पडद्यावर बघत काम करायची. लाइन तुटली की मी बाहेर फेकली जायची. परत आत जाईपर्यंत शेवटचं केलेलं काम पाण्यात.

कोणी म्हणेल, मोबाईलवरून चालवायचं. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि तिन्ही बाजूंनी सोसायट्या अशा खेटून उभ्या की रेंज फक्त गॅलरीच्या एका कोपऱ्यात येते, तीही कपडे वाळत घातलेले नसतील तर. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. त्याला फोन लावला की मागून प्रेसचा धाडधाड आवाज आणि "राउटर बंद करून चालू कर ना राव!" हे एकच उत्तर. बायकोला राव म्हणतो! कंपनीत दिवसभर तेच म्हणून जीभ वळलीये त्याची.

आणि राउटर बंद-चालू करणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती, कारण राउटर अण्णांच्या ताब्यात होता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. रहाटणीचेच जुने गावकरी. जमीन गेली, त्यावर इमारत झाली, तिच्यात आम्हाला हा फ्लॅट मिळाला. अण्णांनी मात्र जन्मभर चाकणच्या एका कारखान्याचं गेट सांभाळलं. आधी कंत्राटी म्हणून, मग कायम, आणि शेवटी गेट इन-चार्ज. पास नसेल तर ते साहेबाच्या मेव्हण्यालाही आत सोडायचे नाहीत. एकदा मोठ्या साहेबाची गाडीच अडवली होती, नव्या ड्रायव्हरकडे पास नव्हता म्हणून. साहेबानं खाली उतरून हात मिळवला म्हणे. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीये की साहेबाच्या शर्टाचा रंगही मला पाठ आहे.

रिटायर झाल्यावर माणूस पार उतरला. सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसायचे. कुठे जायचं नाही, कोणाला अडवायचं नाही. मला वाईट वाटायचं, खरं सांगते. सोसायटीच्या वॉचमनला जाऊन चार सूचना करायचे तर तोही हल्ली त्यांना बघून मोबाईल कानाला लावायचा.

अशात आमच्या शेजारच्या विंगमध्ये भलतंच झालं. एका घरात बाळावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला होता, आणि एक दिवस त्या कॅमेऱ्यातून परक्या माणसाचा आवाज आला. बाळाची आई किंचाळतच जिन्यात आली. बाहेरचं कोणीतरी इंटरनेटवरून त्या कॅमेऱ्यात शिरलं होतं. सगळी बिल्डिंग हादरली. अण्णांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या इंटरनेटला गेट न्हाई का?"

नवऱ्याचा एक मित्र पिंपळे सौदागरला राहतो, आयटीत आहे. त्यानं आपल्याकडचा जुना राउटर आणून दिला. त्यात फायरवॉल होती, म्हणजे कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही याचे नियम आपले आपल्याला लिहिता यायचे. झालं! अण्णांना गेट मिळालं. महिनाभर ते मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघत होते. हॉलमध्ये शोकेसशेजारी त्यांनी राउटरसाठी काचेच्या दाराची पेटी ठोकली, तिला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात. सेटिंगचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. नातीचा लॅपटॉप, माझा कॉम्प्युटर, टीव्ही, सगळ्यांची त्यांनी तोंडी हजेरी घेतली. चेहऱ्यावर रंग परत आला. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "येडं लागलंय, पण जेवतायत तरी नीट."

म्हणून मी काही बोलले नाही. आणि सुरुवातीला लाइन तुटायची तेव्हा मला त्या पेटीचा संशयही आला नाही. आम्ही सगळे मिळून ब्रॉडबँडवाल्यांना शिव्या घालत होतो.

त्यांचा माणूस आला. अण्णांनी दारातच त्याचं ओळखपत्र मागितलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, मग चपला काढायला सांगितल्या. बिचाऱ्यानं गॅलरीपासून वायर तपासली, टोकं बदलली, मीटर लावून दाखवलं. "काकू, लाइन एकदम ओके आहे." मला काकू म्हणाला ते एक असो. तो जिना उतरून गेला, मी चहा टाकला, आणि चहाला उकळी यायच्या आत हॉलमधून आवाज आला, "गेलं गं!"

डोक्यात तिडीक गेली माझ्या.

तोपर्यंत कोल्हापूरच्या मॅडमचा धीरही संपत आला होता. त्या चांगल्या होत्या, मला उगीच बोलल्या नाहीत कधी. त्या आठवड्यात फोन करून म्हणाल्या, "तुमचं काम मला आवडतंय हो. पण शुक्रवारी ग्राहकासमोर हे फिक्स्चर दाखवायचंय, आणि ते तुम्हीच दाखवायचं, तुमच्या स्क्रीनवरून. सकाळी सुरू होईल ते जेवणापर्यंत चालेल. मधे लाइन गेली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मला वाईट वाटेल, पण माझाही इलाज नाही."

मी "हो मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एवढ्या वर्षांनी कोणी माझं काम आवडतंय म्हणालं होतं, आणि ते हातचं जाणार होतं एका वायरपायी.

रडून झालं आणि मग डोकं चालायला लागलं. माझं असंच आहे, आधी पाणी काढावं लागतं. मी लक्ष ठेवायला लागले. लाइन वाट्टेल तेव्हा तुटत नव्हती. सकाळी अण्णांनी राउटर बंद-चालू केला की नाश्त्याची भांडी घासून, कपडे वाळत घालून, वरण शिजेपर्यंत सगळं सुरळीत. मग गचका. मिनिटाभरात आपोआप परत सुरू. मग परत साधारण तेवढाच वेळ नीट, परत गचका. तुटकी वायर अशी घड्याळ लावून तुटत नाही. हे कोणीतरी ठरवून करत होतं.

मी पुन्हा ब्रॉडबँडवाल्यांना फोन लावला. यावेळी नशिबानं एक शहाणी मुलगी मिळाली. तिला मी हा ताल सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या राउटरला इंटरनेटवर राहायला एक पत्ता लागतो. तो आमचा डीएचसीपी सर्व्हर देतो. पण तो कायमचा नसतो, दोनेक तासांच्या मुदतीचा असतो. मुदत संपायच्या आत तुमचा राउटर वाढवून मागतो आणि आमचा सर्व्हर वाढवून देतो. मला इथे दिसतंय की आम्ही दर वेळी वाढवून दिल्याचं उत्तर पाठवतोय. तुमच्यापर्यंत ते पोचत नसावं. तुमच्याकडे फायरवॉल आहे का?"

आहे का! कुलूप लावून ठेवलीये, बाई.

मी फोन खाली ठेवला आणि तडक हॉलमध्ये गेले. अण्णा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अण्णा, लाइन बाहेरून तुटत नाहीये. तुमच्या नियमांमुळे तुटतीये."

त्यांनी पेपर खाली केला नाही. "माझ्या गेटात काय बी चूक न्हाई."

"कंपनीची मुलगी सांगतीये."

"ती काय सांगणार? तिला तिची चूक झाकायचीय."

"मग नियम दोन दिवस बंद ठेवून बघू."

आता पेपर खाली आला. "गेट उघडं टाकायचं? घरात नात हाय. त्या कॅमेऱ्याचं इसरलीस?"

"अण्णा, शुक्रवारी माझी नोकरी जाईल!" माझा आवाज चढला. "तुम्ही आता कंपनीच्या गेटवर नाही. हे घर आहे. इथे आतल्या माणसाचा श्वास कोंडला तर तुमच्या गेटचा काय उपयोग?"

सासूबाईंच्या हातातली गवारी तिथेच थांबली. अण्णांनी किल्ली खिशात आहे का ते एकदा चाचपलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे मी माफीबिफी मागितली नाही. पण जेवताना ताकाचा पेला त्यांच्या हाताशी मीच ठेवला, आणि त्यांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडे गुरुवार म्हणजे लाइट जाणार हे ठरलेलंच. भोसरीकडच्या कंपन्यांना सुट्टी आणि वीजवाल्यांना दुरुस्ती. सकाळीच पंखे थांबले. राउटर बंद, टीव्ही बंद, माझं काम बंद. सासूबाई जमिनीवर पदर पसरून आडव्या झाल्या. उकाड्यानं मी गॅलरीत येऊन बसले तर अण्णा तिथे आधीच खुर्ची टाकून बसलेले.

त्यांनी विचारलं, "ती पोरगी काय म्हनली? पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. पत्ता, मुदत, वाढवून मागणं, वाढवून देणं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजी पासच की हा. कंत्राटी कामगाराचा."

"हो, तसंच समजा."

"मग पहिला पास कसा मिळतो? तवा माझं गेट आडवत न्हाई का?"

चांगला प्रश्न होता. मला उत्तर माहीत नव्हतं. पिंपळे सौदागरच्या त्या मित्राला मी रेंजच्या कोपऱ्यात उभं राहून फोन लावला. त्यानं सांगितलं ते मी अण्णांना तसंच्या तसं सांगितलं. राउटरकडे पत्ताच नसतो तेव्हा तो फायरवॉलला वळसा घालून, थेट तारेवर ओरडून पत्ता मागतो. तिथे नियम आड येत नाहीत. एकदा पत्ता मिळाला की मात्र मुदतवाढीचं उत्तर रीतसर फायरवॉलमधून आत यावं लागतं.

अण्णांनी मान हलवली. "बरोबर हाय. नवा गडी पहिल्या दिवशी गेटाबाहेरच्या टाइम ऑफिसात जाऊन पास घेतो. गेटाचा समंधच न्हाई. पन एकदा आत लागला की त्याचा वाढीव पास कुनीतरी बाहेरून आत आनून द्यावा लागतो." मग स्वतःशीच पुटपुटले, "पन माझा नियम हाय, आतून ज्याला हाक गेली त्याचं उत्तर आत सोडायचं. मग हा का अडला?"

"कारण हाक एकाला जाते आणि उत्तर घेऊन दुसराच येतो, असं तो मित्र म्हणाला. मधे निरोप पोचवणारे त्यांचे हस्तक असतात."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पंखा म्हणून हलवत होते ती वही खाली ठेवली.

"मी कंत्राटी हुतो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "दर बारीला पास संपायचा. कंत्राटदाराला निरोप जायचा, तो वाढवून पाठवायचा. एकदा तो सोता आला न्हाई, त्यानं आपला भाचा पाठवला पास घिऊन. गेटवाल्यानं भाच्याला वळखलं न्हाई. हाकलून दिला. आमी चौघं-पाच जण सकाळी डबा घिऊन गेटाबाहेर हुबे. भोंगा झाला, आतली मशीनं सुरू झाली, आवाज यायला लागला. आमी बाहेरच. काम येत हुतं, हात धड हुते, आत जायाला मिळंना. दिसभर उनात हुबा हुतो. घरी जाऊन तुझ्या सासूला सांगायची बी लाज वाटली."

ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. साहेबाची गाडी अडवल्याची ऐकली होती, ही नाही.

"आन त्या गेटवाल्याचं बी काय चुकलं न्हवतं," अण्णा म्हणाले. "त्याच्या नियमानं तो बरोबरच हुता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला तसं हुबं करायचं न्हवतं मला."

मी म्हटलं, "अण्णा, मला माहितीये ते."

लाइट आली ती पार दिवेलागणीला, आणि तीही येऊन-जाऊन. कधी पाच मिनिटं, कधी दहा. राउटर पेटायचा, विझायचा. त्यात काही काम करण्यात अर्थ नव्हता. ठरलं, शुक्रवारी सकाळी बघायचं.

सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली, रोजच्यासारखा राउटर बंद-चालू केला, आणि पहिल्यांदाच मला शेजारी बसवून पासवर्ड टाकला. नियमांचं पान उघडलं. मला वाटलं होतं भलंमोठं काहीतरी असेल. मोजके नियम होते, सगळे अण्णांनी लिहिलेले. मी विचारलं, "राउटर आला तेव्हा त्यात काहीच नियम नव्हते?"

"हुते की. सात-आठ आयते हुते."

"मग?"

"काढून टाकले."

"सगळे?"

"सगळे!" ते जरा ताठ झाले. "नवा इन-चार्ज आला की पहिलं काम काय? जुने समदे पास रद्द. फाडायचे. मग ज्याला लागंल त्यानं यिऊन नवा घ्यायचा. मी चार्ज घेतला तवा तसंच केलं हुतं. हितं बी केलं."

त्या आयत्या नियमांमध्ये एक नियम नक्की असणार, मुदतवाढीचं उत्तर आत सोडणारा. कारखान्यात पास फाडला की माणूस गेटवर येऊन भांडतो, नवा पास घेतो. इथे ज्याचा पास फाडला तो बिचारा मुकाट्यानं दर दोन तासांनी येत होता आणि हाकलला जात होता. त्याला भांडता येत नव्हतं. त्याच्या वतीनं आमच्या सासूबाई ओरडत होत्या.

मला हसू फुटलं. अण्णांना आधी राग आला, मग तेही हसायला लागले. "आयला," म्हणाले, "व्हय की!"

तरी अण्णा ते अण्णाच. नुसतं सांगून ते नियम लिहायला तयार नव्हते. "आधी मला तो इसम दिसला पायजे." म्हणून त्यांनी अडवलेल्यांची नोंद ठेवायची खूण केली आणि आम्ही दोघं पडद्यावर डोळे लावून बसलो. थोड्या वेळानं तो आला. त्यांच्या सडुसष्ट नंबरच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, निघून आमच्या अडुसष्ट नंबरच्या दारावर. अडवला गेला. परत आला. परत अडवला. अण्णा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हाच त्यो भाचा."

मग नवा नियम लिहायला घेतला. बाहेरून येणारा, फक्त सडुसष्टमधून निघालेला, फक्त अडुसष्टवर जाणारा, त्याला आत सोडा. बाकी कोणाला नाही. पुढे एक रकाना होता, कोणत्या पत्त्यावरून येईल तो. अण्णांना तिथे नाव-गाव सगळं हवं होतं. मी म्हटलं, "अण्णा, आज भाचा येतो, उद्या पुतण्या येईल. पत्ता बदलला की परत अडकणार." त्यांनी बोट तसंच हवेत धरलं. नाव न बघता कोणाला आत सोडायचं हे त्या माणसानं आयुष्यात केलं नव्हतं. शेवटी त्यांनी तो रकाना रिकामा ठेवला आणि जपून, एका बोटानं, नियम कायम केला.

घड्याळ बघते तर मीटिंगची वेळ होत आली होती. नियम बरोबर लागलाय का हे तपासायला सवड नव्हती. ते कळणार होतं थेट ग्राहकासमोर, मुदत संपेल तेव्हा. आणि मुदत मीटिंगच्या मधेच संपणार होती. बंद-चालू करूनही उपयोग नव्हता, मीटिंग दोन तासांहून लांब चालणार होती. माझी पाचावर धारण बसली. सासूबाईंनी आपणहून टीव्ही बंद केला आणि माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी केस बांधले, दार लोटलं, आणि सुरू केलं.

मग ते फिक्स्चर पडद्यावर आलं, मी ते फिरवून दाखवायला लागले, कुठे पकड घट्ट होते, कुठे कामगाराचा हात सहज जातो, आणि मी कशात आहे तेच विसरले. ग्राहकाकडचा एक माणूस खवचट होता. त्यानं तीनदा तोच प्रश्न विचारला. तीनदा मी उत्तर दिलं, तिसऱ्यांदा जरा जास्तच स्पष्ट. मॅडम मधेच हसल्या. एका जागी त्यानं म्हटलं, ही पकडायची क्लॅम्प उलटी लावली तर? मी तिथल्या तिथे ती उलटी लावून दाखवली आणि पार्ट कसा निसटतो तेही दाखवलं.

कुकरची शिट्टी ऐकू आली तेव्हा भानावर आले. वरण शिजलं होतं. रोज याच सुमाराला लाइन जायची. मी बोलत राहिले, पण कान हॉलकडे. आता आवाज येईल, आता येईल. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. सासूबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. पडद्यावर माझं फिक्स्चर जिथल्या तिथे उभं होतं. त्या खवचट माणसाचा चेहराही हलत होता, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाचा खवचट चेहरा हलताना बघून मला एवढा आनंद झाला.

मीटिंग संपली. बाकीचे गेले, मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "लाइन दुरुस्त केलीत वाटतं? छान. आता तुम्ही पक्क्या. सोमवारपासून दुसरं काम देते." मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक नुसतंच "हो हो" म्हणत राहिले.

दार उघडून बाहेर आले तर अण्णा काचेच्या पेटीसमोर उभे. इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ, हात मागे बांधलेले. सासूबाई म्हणाल्या, "तू आत गेल्यापासून हुबेच हायेत. मी म्हनलं बसा, तर म्हन्त्यात ड्युटीवर हाय."

मी म्हटलं, "अण्णा, मीटिंग झाली. पक्की झाले मी."

त्यांनी पेटीकडे बोट केलं. "त्यो भाचा आलता. मी सोता बघितला. आला, पास दिला, गेला." त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी मला अर्ध्यातच उठवलं आणि खिशातली किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे. चार्ज घे आता. मला नजर लावून डोळं दुखायला लागले." मग बोट वर करून, अगदी गेट इन-चार्जच्या आवाजात म्हणाले, "पन एक ध्यानात ठेव पोरी. आल्या आल्या जुने पास फाडत बसू नको."